ग्रेडरसाहेबांची गाडी

ग्रेडरसाहेबांनी मला पहिल्याच दिवशी 'फेअर' ठरवलं. घाटंजीला त्यांच्या घरामागच्या खोलीत आम्ही राहायला आलो, तेव्हा मी भांड्यांचं बोचकं डोक्यावर घेऊन दारात उभी होते. त्यांनी मला एकदा पाहिलं आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "फेअर हाये. सुपर नाई, पन कवडीबी नाई. ठेव व पोरी बोचकं खाली."

त्याचा अर्थ मला नवऱ्याने नंतर समजावून सांगितला. साहेबांचं सगळं आयुष्य सरकारी कापूस खरेदीवर ग्रेड लावण्यात गेलं होतं. बैलगाड्यांची रांग लागायची आणि हे एकेका गाडीपाशी जायचे. वरचा कापूस ते बघतच नसत, कारण चांगला कापूस वर घालायची सगळ्यांनाच सवय. ते बाही वर करून खांद्यापर्यंत हात गाडीत खुपसायचे आणि आतला मूठभर कापूस काढायचे. दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून तो हळूहळू ओढायचे, धागा किती लांब निघतो ते पाहायचे आणि एकच शब्द बोलायचे. सुपर, नाहीतर फेअर, नाहीतर कवडी. कवडी म्हणजे अळीने खाल्लेला, पिवळा पडलेला, बोंडातच चिकटून राहिलेला कापूस. कवडी म्हटलं की गाडीवाला हात जोडायचा, त्याची बायको डोळ्याला पदर लावायची, पण शब्द बदलत नसे.

"एक बार तोंडातून निंघाला तं निंघाला," ते म्हणायचे. "ग्रेड म्हंजे काय भाजीचा भाव हाये का, मांगंपुढं कराले?"

एक गोष्ट मात्र खरी. ग्रेड लावण्यासाठी त्यांनी कधी कोणाचा चहासुद्धा घेतला नाही. हे त्यांचे वैरी सांगत, आणि वैरी पुष्कळ होते.

आम्ही आलो तेव्हा सरकारी खरेदी बंद पडायला आली होती आणि साहेब घरी बसले होते. पण अंगठे काही घरी बसले नाहीत. ते कशालाही ग्रेड लावायचे. मी भाकर नेऊन दिली की तुकडा मोडून उजेडाकडे धरायचे. "आज फेअर. पानी जास्त झालं." पाहुणा उठून गेला की त्याला ग्रेड. पुढारी भाषण करून गेला की त्याला ग्रेड. एकदा गावातल्या एका म्हाताऱ्याच्या मयतीला गेले आणि सरणाजवळ उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मानूस सुपर होता. पोरं कवडी निंघाले." पोरं तिथेच खांदा देऊन उभी होती.  साहेबांच्या शब्दावर बोलायची रीतच गावात नव्हती. ज्यांच्या गाड्या त्यांनी परत फिरवल्या होत्या, तेसुद्धा त्यांना रस्त्यात पाहून सायकलवरून उतरायचे.

कळंबच्या गणपतीला ते चतुर्थीला जायचे. परत आले की सरकी काढायच्या जिनिंगवरचे लोक मुद्दाम विचारायचे, "साहेब, देवाले कोनता ग्रेड?"

"तथी खाली उतरा लागते बापा," साहेब म्हणायचे. "अंधार होता. नमुना नीट दिसला नाई."

तेव्हा मी हसायचे. मी फार बोलणारी नाही. चौथीपर्यंत शिकले, मग वेचणीला जायला लागले, आणि वेचणीत बायका बोलतात तेव्हाही मी ऐकतच असते. साहेबांचं बोलणं ऐकायला मला आवडायचं. हे लिहिताना त्याचाच जास्त राग येतो.

कापूस हेच त्यांचं औषध आणि हेच त्यांचं हत्यार. वारा सुटला की कानात कापूस. कुलपाच्या भोकात कापूस, उंदराच्या बिळात कापूस. तूप कढवलं की कापसातून गाळायचं, गोडं तेल गाळायचं, दिव्यात घालायचं रॉकेलसुद्धा गाळायचं. तोही साधा कापूस नाही. नोकरीत असताना उत्तम मालाचे नमुने त्यांनी जपून ठेवले होते. निळ्या कागदात गुंडाळलेल्या त्या पुड्या भिंतीतल्या फडताळात रचलेल्या असायच्या. असा कापूस आता होत नाही, म्हणायचे. एखादी पुडी सोडून मला दाखवायचे. अंगठ्यात ओढली की धागा निघतच राहायचा, रेशमासारखा.

"पाय व पोरी, पाय. ह्याले म्हंतेत धागा. आताच्या बीचा कापूस म्हंजे म्हताऱ्याची दाढी."

खोली त्यांनी आम्हाला दिली, हेही सांगायला हवं. आम्ही बौद्ध. त्या गल्लीत आम्हाला दुसऱ्या कोणी खोली दिली नसती. साहेब जातीचं कधी काही बोलले नाहीत. फक्त विहिरीवर माझी बादली त्यांच्या बादलीला लागली, तर ते स्वतःचं भरलेलं पाणी झाडाला ओतून द्यायचे आणि पुन्हा ओढायचे. शांतपणे. झाडाची काळजी घेतल्यासारखे.

गाडी त्यांनी नोकरी सुटल्यावर लिलावात घेतली होती. लष्करातली जुनी पिकअप, माझ्या नवऱ्यापेक्षा वयाने मोठी. पुढचं तोंड जीपसारखं, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. नवरा तिच्यावर ड्रायव्हर होता. खेड्यातून जिनिंगला कापूस आणायचा, बाजाराच्या दिवशी माणसं आणायची आणि वेचणीच्या दिवसांत आम्हा बायकांना लांबच्या शेतात न्यायचं. आमच्या जवळच्या शेतांत तेव्हा वेचायला उरलं नव्हतं. अळीने बोंडं पोखरली होती, भाव पडला होता, लोक कापसाच्या उभ्या पराटीत जनावरं सोडत होते. लांब पांढरकवड्याच्या बाजूला जावं लागायचं. गाडी बंद पडली तर गाडीभर बायकांच्या चुली बंद, एवढं सोपं होतं ते.

नवऱ्याचा त्या गाडीवर जीव होता. तो शिकलेला नव्हता, त्याच्याकडे जमीन नव्हती. तो चांगला ड्रायव्हर आहे, असं गावात म्हणत, आणि त्याच्याजवळ तेवढंच होतं. आपल्या लेकी-सुना लोक त्याच्या गाडीत डोळे मिटून बसवायचे.

साहेबांचा अभिमान वेगळाच होता. "घेतल्यापासून इंजिन खोललं नाई," ते येईल त्याला सांगायचे. ऑइल ते कोणालाही टाकू देत नसत, नवऱ्यालाही नाही. इंजिनवर ऑइल ओतायचं एक तोंड असतं. त्याचं झाकण कधीच हरवलं होतं. साहेब एक निळी पुडी सोडायचे, लांब धाग्याच्या कापसाचा बोळा करून त्या तोंडात बसवायचे आणि डबा तिरपा करून थेंब थेंब ऑइल त्या बोळ्यातून आत सोडायचे. नवं डबाबंद ऑइल, तेही गाळून. काम झालं की तोच बोळा झाकण म्हणून तोंडात राहायचा. पुढच्या वेळी तो लहान झालेला दिसायचा. मग त्यावर नवा.

नवरा एकदा म्हणाला होता, "साहेब, कपडा बांधू का? कापूस आतमंदी जाईन."

"कपडा कायचा असते गा?"

"कापसाचा."

"मंग मधात दुसऱ्याले कायले घालतं?"

बाजूला उभे असलेले सगळे हसले. नवराही हसला. साहेबांनी बोळा अंगठ्याने दाबला आणि बोनेट पाडलं.

काटा पडायला लागला तो त्या हंगामात. गाडीत समोर ऑइलच्या प्रेशरचं एक गोल घड्याळ होतं. काटा वर असला तर ऑइल सगळीकडे पोचतंय. खाली पडला तर आत लोखंडावर लोखंड कोरडं घासतंय, असं नवऱ्याने मला सांगितलं होतं. सकाळी गाडी सुरू केली की काटा वर असायचा. भरलेली गाडी चढावर लागली की हळूहळू खाली यायचा. नवरा गाडी बाजूला घेऊन बंद करायचा, आम्ही झाडाखाली बसायचो. थोड्या वेळाने सुरू केली की काटा पुन्हा वर. पुढच्या चढावर पुन्हा खाली.

त्याने साहेबांना सांगितलं. साहेबांनी अंगणातच गाडी सुरू केली, चहाचा कप घेऊन आत बसले, चहा पिऊन झाला तरी काटा वरच होता.

"माह्या हातात पडत नाई," ते म्हणाले. "तुह्याच हातात काहून पडते बे?"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. नवरा म्हणायचा, "साहेब, अंगनात नाई पडत. भरून चालवा, चढावर न्या." साहेब भरून चालवायला तयार नव्हते. त्यांचा ग्रेड लावून झाला होता.

मग त्यांचं बोलणं बदललं. नवरा उशिरा का येतो, वाटेत गाडी का थांबवतो, कोणाच्या घरी थांबवतो. आणि एक दिवस जिनिंगच्या फाटकात, कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना, ते सगळ्यांसमोर म्हणाले, "मी टाकलेलं चांगलं ऑइल हा वाटेत काढून इकते आन् जळकं ऑइल इंजिनात वतते. म्हनून काटा पडते."

नवरा घरी आला तेव्हा त्याचा चेहरा पाहवत नव्हता. त्याला मारलं असतं तर तो असा दिसला नसता.

"तुमी काही बोलले नाई?" मी विचारलं.

"काय बोलू? त्याहीनं म्हटलं आन् झालं. लोकं माह्याकडं असे पाहून राह्यले होते जसा कापूस पाहतेत." मग थोड्या वेळाने म्हणाला, "इंजिन खोललं तं समजन. पन ते खोलू देत नाई."

इंजिन खोलायची वेळ गाडीनेच आणली. वेचणीहून परत येत होतो. मी मागे हौद्यात होते, मांडीवर माझं गाठोडं. चढाच्या मध्यावर इंजिनमधून आवाज यायला लागला. पत्र्याच्या डब्यावर कोणी हातोडीने ठोकतंय असा.  नवऱ्याने लगेच गाडी बंद केली, उडी मारून खाली आला आणि म्हणाला, "उतरा बायाहो, सगळ्या उतरा. आता हिले चालवनं पाप हाये." आम्ही गाठोडी डोक्यावर घेऊन पायी गावात आलो. तो गाडीपाशीच बसून राहिला. सकाळी मिस्त्रीने दोर बांधून गाडी आणली.

मिस्त्रीचं गॅरेज जिनिंगच्या समोरच होतं. मोठा धीराचा माणूस. साहेब आले ते कमरेवर हात ठेवून. जिनिंगवरचे मापारी, हमाल, गाडीवाले असे पुष्कळ लोक जमले, कारण साहेबांचं इंजिन पहिल्यांदाच खोलणार होतं. मी नवऱ्याचा डबा घेऊन गेले होते. भिंतीला टेकून उभी राहिले.

"ह्यानं ऑइल इकलं," साहेब म्हणाले. "तुले ते दिसनच."

"देखो साहेब," मिस्त्री म्हणाला, "पयले काटा झूठा का सच्चा ते पाहू. आदमीवर शक बाद में."

त्याने जुनं घड्याळ काढून आपल्याजवळचं दुसरं लावलं आणि इंजिन अगदी थोडा वेळ चालवलं. आधी काटा वर. इंजिनाचा वेग वाढवला, तसा खाली आला. म्हणजे घड्याळ खोटं नव्हतं. मग त्याने खालचं बूच काढून ऑइल परातीत सोडलं. बोटावर घेतलं, नाकाशी नेलं, दोन बोटांत चोळलं.

"ऑइल बराबर हाये साहेब. जळकं नाई. यात मिलावट नाई."

 मी नवऱ्याकडे पाहिलं. तो साहेबांकडे पाहत होता. साहेब परातीकडे पाहत होते.

"मंग काटा कायले पडते?" साहेबांनी विचारलं.

"चेंबर खोलतो. खाली एक जाळी राहते. पंप तिथून ऑइल ओढते. ती जाळी बंद असन तं पंप बिचारा काय करन?"

मिस्त्री गाडीखाली गेला. नट सुटत होते त्याचा आवाज येत होता. मग इंजिनाचं तळाचं भांडं, ज्याला ते चेंबर म्हणतात, ते खाली आलं आणि मिस्त्रीचा आवाज आला, "अरे बापा रे! आतमंदी तं गादी भरली हाये!"

त्याने जाळी काढून बाहेर आणली. जाळी दिसतच नव्हती. काळ्या कापसाचा लगदा तिला चिकटला होता. चेंबरच्या तळाशीही तेच. मिस्त्रीने लोकांना दाखवून सांगितलं की, गाडी उभी राहिली की हा कापूस खाली बसतो म्हणून काटा वर, गाडी चालली की पंप त्याला ओढून जाळीवर आणतो म्हणून काटा खाली. अंगणात चहा पिईपर्यंत तो काय येणार आहे वर? मग त्याने बेअरिंगवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. आतलं सगळं घासून गेलं होतं.

कापूस इंजिनात कसा गेला, हे तिथे कोणाला विचारायची गरज नव्हती. बोनेट उघडंच होतं. वरच्या तोंडात साहेबांचा बोळा तसाच बसलेला होता. अर्धा पांढरा, अर्धा काळा. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मग सगळे दुसरीकडे पाहायला लागले. एका हमालाला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घातलं.

साहेबांनी ते पाहिलं. मला वाटतं, सगळं त्या हसण्याने झालं. ग्रेडरने स्वतःच्या हाताने इंजिनात कापूस भरला, ही गोष्ट संध्याकाळपर्यंत कळंबला पोचली असती.

"धू तो," त्यांनी मिस्त्रीला सांगितलं.

मिस्त्रीने लगद्यातला एक गोळा पेट्रोलमध्ये धुतला, पिळला, पुन्हा धुतला आणि पत्र्यावर उन्हात ठेवला. कोणी हललं नाही. कापूस वाळला, थोडा फुलला. करडा झाला होता, पण कापूसच होता. साहेबांनी बाही वर केली. गोळा दोन्ही अंगठ्यांत धरला आणि हळूहळू ओढला.

धागा निघाला. लांब निघाला. ऑइलने मळलेला, तुटत तुटत, पण लांब. तिथे उभा असलेला प्रत्येक माणूस लहानपणापासून कापसात वाढलेला होता. साहेबांचे अंगठे क्षणभर थांबले. मग त्यांनी गोळा मुठीत बंद केला.

"कवडी," ते म्हणाले. "माहा नाई हा. ह्याच्या घरच्या गादीतला हाये. ह्यानंच भरला."

 माझ्या नवऱ्याचा हात गाडीच्या पत्र्यावर होता, तो तसाच राहिला. मी त्याच्याकडे पाहिलं आणि माझ्याच तोंडून शब्द निघाला. इतक्या माणसांसमोर मी आधी कधी बोलले नव्हते.

"साहेब, आमच्या घरी गादी नाई."

"मंग गोधडीतला असन."

"गोधडीत लुगडे हायेत. आमी कापूस येचतो साहेब, आमच्या घरी कापूस कुठून येईन?" मी थांबले नाही. "हा तुमच्या निळ्या पुडीतला हाये. धागा पहा न. साऱ्याहीनं पाह्यला आत्ता."

साहेब माझ्याकडे वळले. रागावले नाहीत. माझ्या भाकरीकडे पाहायचे तसेच पाहिलं.

"आता बाया ग्रेड लावतीन काय गा?" त्यांनी लोकांना विचारलं.

आणि लोक हसले. मघाचं दाबलेलं हसू होतं, त्याला वाट मिळाली. मापारी हसले, हमाल हसले. ज्यांच्या गाड्या साहेबांनी कवडी म्हणून परत पाठवल्या होत्या, तेही हसले. जिनिंगवाला शेठ आता साहेबांनाच बोलावून ग्रेड लावून घेत होता आणि या हसणाऱ्यांच्या कापसाच्या गाड्या बाहेर रांगेत उभ्या होत्या. मिस्त्री खाली बसून पाने-पक्कड गोळा करायला लागला. तेवढा एकच माणूस हसला नाही, पण तो बोललाही नाही. नंतर तो नवऱ्याला म्हणाला, "भाऊ, मेरे पास जिनिंगच्याच गाड्या येतेत." नवरा म्हणाला, "समजते मिस्त्री."

लाच घेऊन त्यांनी कधी ग्रेड लावला नाही, पाहुण्याच्या मालाला सोडलं नाही, पुढाऱ्याच्या मालाला सोडलं नाही. सगळ्या आयुष्यात एकच ग्रेड खोटा लावला, तो आमच्यावर. आणि बाकीचे सगळे खरे होते म्हणून हाही खरा धरला गेला.

खोली आम्ही त्याच आठवड्यात सोडली. साहेबांनी जा म्हटलं नव्हतं. उलट बोचकं बांधताना ते ओट्यावरून म्हणाले, "राहा न. खोलीनं काय केलं तुमचं?" मला अजून समजत नाही, ते खरंच म्हणत होते की काय.

घाटंजीत नवऱ्याला कोणी गाडी दिली नाही. तोंडावर कोणी काही म्हणायचं नाही. ड्रायव्हर ठेवला, पुढच्या महिन्यात पाहू, मालक बाहेरगावी गेले. बाजारात मात्र मागून ऐकू यायचं, "ऑइलखाऊची बायको आली." आणि ज्या बायकांना त्याने त्या दिवशी चढावर वेळेवर उतरवलं, त्यांच्याच घरचे हे बोलायचे. शेवटी आम्ही वणीकडे राजूरला गेलो, तिथे माझा मामेभाऊ कोळशाच्या कामावर होता. नवरा ट्रकमध्ये कोळसा भरायला लागला. ट्रक चालवायचं काम तिथे मिळालं असतं, ओळखपाळख नव्हती, कोणाला माहीतही नव्हतं. पण त्याने पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. एकदा ड्रायव्हर आजारी होता म्हणून मुकादमाने नुसता ट्रक मागे घे म्हटलं, तर हा म्हणाला, "मले येत नाई."

साहेब मला पुष्कळ वर्षांनी भेटले. चुलत नणंदेच्या घरचं लग्न होतं, मी एकटीच घाटंजीला गेले होते. परतताना एस.टी. स्टँडवर बाकावर बसले, तर त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला ते. अंग वाळून गेलेलं, कानात कापूस. मी पदर पुढे ओढला. तरी त्यांनी ओळखलं.

"फेअर," ते म्हणाले, आणि हसले. दात नव्हते. "कुठी असता व आता?"

"राजूरले."

"तो काय करते?"

"कोयसा भरते."

 त्यांचे दोन्ही अंगठे एकमेकांवर फिरत होते, त्यात काही नव्हतं. मग माझ्याकडे न पाहता, हळू आवाजात म्हणाले, "चांगला ड्रायव्हर होता. तो कापूस माहाच होता पोरी. सुपर होता."

मी इतकी वर्षं हे शब्द ऐकायला थांबले होते, असं मला वाटायचं. ऐकल्यावर काहीच वाटलं नाही. समोर कँटीनपाशी जिनिंगवरचे जुने लोक चहा पीत उभे होते. त्यांतला तो हमालही होता, खोकणारा. म्हातारा झाला होता.

"साहेब," मी म्हटलं, "ते लोक उभे हायेत. तुमी तथी चाला. हेच बोला. दुसरं काही नका बोलू."

ते त्या लोकांकडे पाहत राहिले. उठायला म्हणून त्यांनी काठी जमिनीवर टेकवली. मी त्यांचा हात धरायला पुढे झाले. त्यांनी हात मागे घेतला.

"आता कोनाले याद हाये त्या गाडीची?" ते म्हणाले.

"आमाले हाये."

"तुमाले तं राहीनच," असं म्हणून त्यांनी काठी पुन्हा मांडीवर आडवी ठेवली. वणीची एस.टी. लागली होती. मी चढले. खिडकीतून पाहिलं तेव्हा कँटीनवरच्या कोणीतरी त्यांना चहा आणून दिला होता आणि ते तो पीत होते.

घरी पोचले तेव्हा नवरा जेवायला बसला होता. हात धुतले तरी नखांत कोळसा राहतोच. मी सांगू की नको असं करत शेवटी सांगितलं. साहेब भेटले. म्हणाले, चांगला ड्रायव्हर होता. म्हणाले, कापूस माहाच होता.

त्याचा घास हातात राहिला.

"कोनापुढं म्हटलं?" त्याने विचारलं.

"मी होती न."

तो माझ्याकडे पाहत राहिला. रागाने नाही.

"तू तं तवाबी होती," तो म्हणाला, आणि जेवायला लागला.